भोवत्याचा फोटो आणि पुसलेला मेसेज

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी नान्नजच्या माळावरचे पक्षी बघून परतताना तू मला तुझी वही दाखवलीस. चौदा महिन्यांच्या नोंदी: तारीख, वेळ, वारा कुठून होता, पक्षी जमिनीवर होता की बोरीवर. इतकी मन लावून लिहिलेली वही मी शिकवण्याच्या सगळ्या वर्षांत फार थोड्या मुलांकडे पाहिली. मग तू हळूच म्हणालीस, "बाई, भोवत्याचा फोटो पक्षीनिरीक्षकांच्या ग्रुपवर टाकायचा होता. तीनदा लिहिलं आणि पुसलं. तिथं सगळी मोठी माणसं आहेत." एसटीत गर्दी होती, बोलायचं राहिलं. म्हणून आज लिहिते.

हा भोवत्या नेमका कुठला, हा तुझा प्रश्न बाळबोध नाही गं. भोवत्या म्हणजे माळावर शिकार शोधत फिरणारा शिकारी पक्षी. मॉन्टेग्यू आणि पॅलिड, या दोन भोवत्यांच्या माद्या इतक्या सारख्या दिसतात की वर्षानुवर्षं माळ तुडवलेली माणसंसुद्धा फोटो पुढे ठेवून वाद घालतात. मानेवरचा फिकट पट्टा किती ठळक, चेहऱ्यावरचा काळा भाग कुठवर, पंखांची टोकं कशी... एकट्याने बसून सुटणारं हे कोडंच नाही. ते कुणाला तरी विचारावंच लागतं.

पक्षीशास्त्रज्ञ सलीम अलींची गोष्ट तुला अर्धी ठाऊक आहे. 1908 साली शाळकरी सलीमने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कुठली चिमणी, हे मामांना सांगता येईना. त्यांनी चिठ्ठी देऊन त्याला मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथले सचिव मिलार्ड हे गोरे साहेब. पोरगं पार बावरलेलं. मिलार्डनी चिमणी ओळखली, पेंढा भरून ठेवलेले पक्षी एकामागून एक दाखवले, वाचायला पुस्तकं दिली. त्या दारातून आत जाताना त्याच्या हातात चिमणी होती, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. नुसती स्वतःची ओळख करून द्यायला धाडलं असतं, तर तो बहुधा उंबऱ्यावरूनच फिरला असता.

तुझ्याही हातात फोटो आहे, तोच पुढे कर. "मी नवीन आहे, चुकलं तर माफ करा" हे वाक्य काढून टाक. त्याने वाचणाऱ्याचं लक्ष पक्ष्यावरून उडून तुझ्यावर येतं, आणि तुला नेमकं तेच नको असतं. एवढंच लिही: "नान्नजचा माळ, रविवार, सकाळी साडेसात. गवतावरून अगदी कमी उंचीवर उडत होता. मला पॅलिडची मादी वाटते, कारण मानेवर फिकट पट्टा दिसतो. पण दुसऱ्या फोटोत तो पट्टा पुसट आहे. तुम्हाला काय वाटतं?" यात तू काय पाहिलंस ते आहे, तुझा अंदाज आहे आणि तुझी शंकाही आहे. अशा प्रश्नाला उत्तर देताना जाणकार माणसालाही आनंद होतो. मला विचारशील तर मला फार होतो.

सगळे आपल्याकडेच बघताहेत, ही भीती मी ओळखते. 2000 साली कॉर्नेल विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असं चित्र असलेला टी-शर्ट घालून भरल्या खोलीत पाठवलं. निम्म्या लोकांनी तरी तो पाहिला असेल, असा त्यांचा अंदाज. प्रत्यक्षात पाव लोकांच्याच तो लक्षात आला होता. पक्ष्यांच्या नोंदी जिथं जगभरचे लोक टाकतात, ते ई-बर्डही याच विद्यापीठाच्या पक्षी-प्रयोगशाळेतून 2002 साली सुरू झालं. ग्रुपवर लिहायला आज हात धजत नसेल, तर तिथे तुझी यादी टाकून सुरुवात कर. नोंद वेगळी वाटली तर तपासणारे स्वतःहून विचारतात. म्हणजे पहिलं वाक्य तुझ्यावर येत नाही.

लागायचं ते लागतंच, हे मात्र लपवत नाही. एका ग्रुपवर मी दलदली भोवत्याच्या मादीला गरुड म्हटलं होतं. एकाने हसणारे तीन चेहरे टाकले. दोन महिने मी तिथे एक अक्षर लिहिलं नाही. पण त्याच रात्री दुसऱ्या एका गृहस्थांनी शेपटीचा, पंखांचा फरक नीट समजावून लिहिला होता, आणि आजही मी तोच फरक मुलांना शिकवते. त्यांचे आभार मात्र मी दोन महिन्यांनी मानले. ते मला अजून टोचतं.

इंग्रजी नीट येत नाही म्हणशील, तर तू सोलापूरच्या पूर्व भागात वाढलीस. शेजारच्या अक्कांना मोडक्या तेलुगूत "बागुन्नारा?" विचारतेस, त्या अर्ध्या मराठीत उत्तर देतात, आणि मधेच कुणी कन्नडमध्ये हाक मारतं. सोलापुरात व्याकरणासाठी कुणी कुणाला अडवत नाही. मग पुण्याच्या किंवा परदेशातल्या माणसाशी बोलतानाच तुझी जीभ का अडावी? मराठीत लिही. नाहीच जमलं तर चार सोपे इंग्रजी शब्द वापर.

एका बाबतीत मात्र तुझा संकोच मला हवा आहे. घरट्याची जागा, माळढोक दिसलाच तर त्याचा नेमका ठिकाणा, आणि तुझा फोन नंबर, हे कुठेही टाकायचं नाही. कुणी वेगळं, खाजगीत बोलायचा आग्रह धरू लागलं, तर उत्तर न देता मला सांग. त्यात उद्धटपणा अजिबात नाही.

उत्तर लगेच आलं नाही तर आठ दिवस थांब. ही माणसं माळावर असतात, रेंजबाहेर असतात. मग एकदा आठवण कर. तरीही नाही आलं, तर दुसरीकडे विचार. आणि आलं, तर पुढच्या फेरीत काय दिसलं तेही त्यांना कळव. उत्तर दिल्यावर पुढे काय झालं, हे लोक क्वचितच सांगतात.

येत्या रविवारी पहाटे साडेपाचला खाली ये. कडक भाकरी आणि शेंगाचटणी मी आणते, तू वही आण. त्याआधी मेसेज पाठवलास तर मला कळव. उत्तर आलं नसलं तरी कळव.

तुझी,
बाई