वाचकांचे प्रश्न : ‘तो मुद्दाम करतोय का?’

प्रश्न : माझा मुलगा आठ वर्षांचा आहे, तिसरीत. दीड वर्षापूर्वी डोळे जोरजोरात मिचकवायला लागला, डोळ्यांच्या डॉक्टरांनी अ‍ॅलर्जी म्हणून ड्रॉप्स दिले, महिन्याभरात थांबलं पण लगेच नाक ओढणं सुरू झालं, मग खांदा उडवणं आणि आता घशातून सारखा ‘हुं हुं’ आवाज. बाई म्हणतात शाळेत एवढं काही दिसत नाही, घरी आला की मात्र सुरू, म्हणून ह्यांचं म्हणणं की लाडावलाय, मुद्दाम करतो, दोनदा मारलं पण. सासूबाई दृष्ट काढतात. आता मेंदूच्या डॉक्टरांनी कागदावर ‘टुरेट’ लिहून दिलंय पण एमआरआय सांगितला नाही की गोळी दिली नाही. हे नक्की काय आहे आणि आमचं काय चुकलं?
– एक आई, इचलकरंजी

उत्तर : ताई, शेवटचं आधी सांगते, तुमचं काहीही चुकलेलं नाही. लाड, मोबाईल, दृष्ट, आईचं दुर्लक्ष यातल्या कशानेच टुरेट होत नाही. मेंदूच्या आत खोलवर हालचालींवर ताबा ठेवणारा एक भाग असतो, नको असलेली हालचाल तिथेच अडवली जाते, ती अडवण्याची यंत्रणा या मुलांमध्ये जरा ढिली असते आणि हे बऱ्याचदा घराण्यात असतं. सासूबाईंना एकदा सहज विचारून बघा, ह्यांना लहानपणी अशी काही ‘खोड’ होती का, खूप घरांमध्ये तेव्हा कुठे आठवतं की अरे हा पण मान झटकायचा.

एमआरआय नाही सांगितला ते बरोबरच केलं. टुरेट कुठल्या स्कॅनमध्ये किंवा रक्ताच्या रिपोर्टमध्ये दिसत नाही, ते बघून आणि विचारून ठरवतात. मिचकावणं, खांदा उडवणं, ‘हुं हुं’ अशा नकळत परत परत होणाऱ्या हालचालींना आणि आवाजांना टिक म्हणतात. हालचालीच्या दोन किंवा जास्त टिक, आवाजाची निदान एक, वर्षाच्या वर चाललेलं आणि अठराच्या आत सुरू झालेलं, झालं निदान. तुमच्या पत्रात हे सगळं आहे. पॅरिसच्या साल्पेट्रिएर हॉस्पिटलमधल्या जॉर्ज जिल द ला टुरेट या डॉक्टरांनी 1885 साली असे नऊ पेशंट एकत्र मांडले म्हणून हे नाव पडलं.

आता ‘मुद्दाम’चं. शाळेत करत नाही, घरी करतो, म्हणजे हातात आहे त्याच्या, असं कुणालाही वाटणारच. पण टिक यायच्या आधी शरीरात एक चुळबूळ होते, घशात काहीतरी अडकल्यासारखं किंवा खांद्यात ताण आल्यासारखं, आणि ती हालचाल केल्यावरच जरा बरं वाटतं. डास चावला तिथे खाजवू नकोस असं कुणी सांगितलं तर आपण पाच मिनिटं थांबू, दहा मिनिटं थांबू, मग खाजवूच ना? तुमचा मुलगा शाळेत पाच-सहा तास हे रोखून धरतोय, त्यात अर्धं लक्ष खर्च होतंय, आणि घर म्हणजे आपली माणसं म्हणून तो तिथे मोकळा होतो. हा एवढा भाग त्याच्या बाबांना वाचून दाखवा. मारल्याने टिक थांबत नाही, भीतीने आणि ताणाने उलट वाढते, आणि मुलाला वाटायला लागतं की आपणच वाईट आहोत. मला या आजारात सगळ्यात जास्त वाईट कशाचं वाटत असेल तर याचं.

अजून एक. टिक मुळातच कमीजास्त होत राहतात, काही आठवडे जोरात, मग आपोआप ओसरतात, एक जाते दुसरी येते. आपण धावतो ती जोरात असतानाच, त्यामुळे त्या वेळी काहीही केलं, ड्रॉप्स घातले, मीठमोहऱ्या ओवाळल्या, तरी पुढे ती कमी होणारच आणि आपण म्हणतो गुण आला. सासूबाई प्रेमाने करतात, करू देत, फक्त ‘सगळे उपाय संपले’ म्हणत या डॉक्टरकडून त्या डॉक्टरकडे पळू नका. साधारण पाच ते सात या वयात सुरू होतं, दहा ते बारामध्ये जोर सगळ्यात जास्त असतो आणि सतरा-अठरापर्यंत बहुतेक मुलांचं बरंच कमी होतं, काहींचं जवळजवळ जातंच. म्हणजे पुढची दोन-तीन वर्षं कदाचित वाढलेलं दिसेल, तेव्हा घाबरू नका.

गोळ्या आहेत. क्लोनिडिन, रिस्पेरिडोन, अ‍ॅरिपिप्राझोल वगैरे. पण त्या टिक कमी करतात, मुळापासून काढत नाहीत, आणि पेंग येणं, वजन वाढणं असे त्रास होऊ शकतात, म्हणून टिकमुळे मुलाला दुखतंय किंवा त्याचं काही अडतंय तेव्हाच देतात. त्याच्या आधी सीबीआयटी नावाची ट्रेनिंग, जी सायकॉलॉजिस्ट शिकवतात. त्यात मुलाला आधी ती चुळबूळ ओळखायला शिकवतात आणि ती आली की टिकच्या उलट काहीतरी करायला. तुमच्याच मुलाचं घ्या, ‘हुं’ येणार वाटलं की तोंड मिटून नाकाने सावकाश श्वास आत, सावकाश बाहेर. खांदा उडणार वाटलं की कोपर अंगाला हलकं चिकटवून खांदा खाली ओढून धरायचा, ती चुळबूळ ओसरेपर्यंत, साधारण मिनिटभर. आठ-दहा आठवडे लागतात, रोज थोडा सराव, जमलं की शाबासकी आणि नाही जमलं की काहीच बोलायचं नाही. जवळपास शिकवणारं कुणी नसेल तर व्हिडिओ कॉलवरही होतं. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मुलांसाठीचं डीईआयसी केंद्र असतं तिथे चौकशी करा, किंवा टेलीमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 नंबरवर, मराठीत बोलता येतं.

घरी ‘नको करूस’, ‘परत केलंस’ हे बंद. टिकबद्दल नुसतं बोललं तरी ती वाढते. झोप पूर्ण होऊ द्या. डॉक्टरकडे लगेच जायचं ते अशा वेळी : मुलाची शुद्ध हरपली, एकदोन दिवसांत अचानक स्वभावच बदलला, किंवा मान इतकी जोरात झटकतोय की हाताला मुंग्या येतायत.

प्रश्न : माझ्या सहावीच्या वर्गात टुरेट असलेली मुलगी आहे. मान झटकते, मधेच बारीक किंचाळल्यासारखा आवाज काढते, पोरं नक्कल करतात. मी नक्की कसं वागावं?
– एक शिक्षिका, बार्शी

उत्तर : बाई, तुम्ही विचारलंत यानेच बरं वाटलं. आवाज आला तरी शिकवणं थांबवू नका, तिच्याकडे बघू नका. तुम्ही वळून बघितलंत की चाळीस डोकी वळतात. पहिल्या बाकावर बसवू नका, तिथे पाठीवर सगळ्यांची नजर असते, कडेला मागे बसवा आणि न विचारता दोन मिनिटं बाहेर जाऊन यायची सूट द्या. तिची आणि आईवडिलांची परवानगी घेऊन वर्गाला एकदा सरळ सांगा की हे तिच्या हातात नाही आणि हे एकाचं दुसऱ्याला लागत नाही, मुलं पटकन समजून घेतात, नक्कल बऱ्याचदा त्यांना कुणी काही सांगितलेलं नसतं म्हणूनच होते. एका गोष्टीकडे मात्र नीट बघा, टुरेटबरोबर खूप मुलांना एडीएचडी (लक्ष न टिकणं, सतत चुळबूळ) किंवा ओसीडी (तेच विचार, तीच कृती परत परत) पण असतं आणि अभ्यासात मागे पडायला टिकपेक्षा तेच जास्त कारण असतं. ती एकच ओळ खोडून खोडून परत लिहीत असेल, पेपर अर्धाच राहत असेल तर आळशी म्हणू नका, घरच्यांना सांगा. आणि शक्य असेल तर चाचणीला तिला वेगळ्या खोलीत बसवा, आवाज दाबायची धडपड वाचली की पेपरात डोकं चालतं.

प्रश्न : मी 20 वर्षांचा आहे, डिप्लोमाला. नववीपासून टिक खूप कमी झाल्यात पण ताण आला की मान हलते. मित्र म्हणतात टुरेट म्हणजे शिव्या देणारा आजार, मला पण पुढे तसं होईल का? कॅम्पस इंटरव्ह्यू जवळ आलेत.
– एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : नाही रे. तोंडातून नकळत शिव्या निघणं हे टुरेट असलेल्या शंभरातल्या दहा-पंधरा जणांनाच होतं, पण व्हिडिओ त्यांचेच फिरतात म्हणून लोकांना तेच माहीत. तुझ्या वयापर्यंत जे आलेलं नाही ते पुढे येण्याची भीती बाळगू नकोस. टिम हॉवर्डला टुरेट आहे, अमेरिकेच्या फुटबॉल टीमचा माजी गोलकीपर, 2014 च्या वर्ल्डकपमध्ये बेल्जियमविरुद्ध त्याने एकामागून एक शॉट अडवले होते, ती मॅच बघ एकदा. इंटरव्ह्यूत मान रोखून धरत बसू नकोस, सगळं लक्ष तिकडेच जाईल आणि साध्या प्रश्नाला अडखळशील. आत गेल्यावर सुरुवातीलाच एका वाक्यात सांग, ‘मला टुरेट आहे, मधेमधे मान हलते, कामाला त्याने काही अडत नाही’, आणि लगेच तुझ्या प्रोजेक्टवर ये. हे वाक्य आधी मित्रांसमोर दोन-चारदा मोठ्याने म्हणून बघ, म्हणजे त्या दिवशी जीभ अडणार नाही.