कंपनीवाले येणार म्हणतात, मग मागायचं काय?

मागच्या अंकात सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी नफ्यातून समाजासाठी करायच्या खर्चाचा, विषय जाता जाता निघाला आणि पत्रांची रीघ लागली, बीडपासून परभणीपर्यंत. त्यातली पाच घेतलीयत, नावं नेहमीसारखी काढून टाकलीत. मी वाळूजच्या एका कंपनीत ११ वर्षं हेच काम केलंय आणि आता छोट्या संस्थांसोबत फिरते, म्हणजे देणाऱ्यांतही राहिले आणि मागणाऱ्यांतही, त्यामुळं जे लिहितीये ते बघितलेलंच लिहितीये.

प्रश्न : ताई नमस्कार. मी शिरूर कासार तालुक्यात झेडपीच्या शाळेवर मुख्याध्यापक आहे. मागच्या जानेवारीत एका कंपनीची माणसं आली, ६० दप्तरं आणली, फोटो काढले आणि गेली. पटावर ६० लेकरं पण त्या दिवशी हजर १९, बाकीची आईबापासोबत ऊसतोडीला. उरलेली ४१ दप्तरं कपाटात पडून राहिली, लेकरं परत आली तोवर निम्मी उंदरांनी कुरतडली. आता दुसऱ्या कंपनीचा फोन आलाय, फेब्रुवारीत ४० कर्मचारी एक दिवस येऊन शाळा रंगवणार म्हणे. नाही म्हणावं तर बरं दिसत नाही. काय करू?

उत्तर : सर, नाही म्हणू नका, तारीख बदलून घ्या. तुमच्या पत्रात आपल्या भागातलं सगळ्यात मोठं दुखणं आलंय आणि ते समजायला मला स्वतःला चार वर्षं लागली.

बघा, कंपनीचं वर्ष ३१ मार्चला संपतं. कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीचा आदल्या वर्षीचा नफा निदान ५ कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा नेटवर्थ (देणी वजा जाता उरणारी मालमत्ता) ५०० कोटी आहे तिला मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजासाठी खर्च करावीच लागते, १ एप्रिल २०१४ पासून हे लागू आहे. आता होतं काय, वर्षभर फायली फिरतात, कंपनीच्या सीएसआर कमिटीची मंजुरी दिवाळीनंतर येते आणि मग जानेवारी ते मार्च नुसती पळापळ. आणि आपल्याकडं कोयता, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, दसरा-दिवाळीला निघतो तो गुढीपाडव्याच्या आगंमागं परत येतो. म्हणजे ज्या तीन महिन्यांत पैसा गावात येतो नेमक्या त्याच तीन महिन्यांत गाव कारखान्यावर कोपीत, पाचटाच्या झोपडीत, राहतं. कुणी मुद्दाम करत नाही हे, पण मुंबई-पुण्याच्या ऑफिसात बसलेल्याला मुकादम (मजूर नेणारा), उचल (त्यानं आधी दिलेले पैसे), टोळी हे शब्दच माहीत नसतात, त्याला कोण सांगणार? तुम्हीच सांगायचं.

फोनवर नका सांगू, एक पानाचं पत्र लिहा. त्यात महिन्यागणिक हजर लेकरांचा आकडा टाका, जून ते एप्रिल. तुमचं हजेरीपत्रक हाच सगळ्यात मोठा पुरावा आहे, तो तक्ता बघून मी कमिटीतल्या माणसांना गप्प होताना बघितलंय. ते म्हणतील मार्चच्या आत पैसे संपवायचेत. तर त्याला कायद्यात वाट आहे. काम एकापेक्षा जास्त वर्षांचं, म्हणजे कायद्याच्या भाषेत चालू प्रकल्प, म्हणून मंजूर केलं की उरलेली रक्कम वर्ष संपल्यावर ३० दिवसांत वेगळ्या बँक खात्यात टाकता येते आणि पुढच्या ३ वर्षांत खर्च करता येते. हे शांतपणे विचारा, "साहेब, हे चालू प्रकल्पात बसवता येईल का?" एवढं विचारलं की समोरच्याचा सूर बदलतो.

आणि मागा काय? तुम्ही पुढं लिहिलंय की १९ पैकी १४ लेकरं हंगामी वसतिगृहात आहेत, म्हणजे दोन टाइम जेवण शाळेत आणि झोपायला आजीच्या घरी. मग खरी गरज त्या आजीच्या घरी आहे ना. रात्री अभ्यासाला उजेड, पांघरूण, आजीच्या बीपीच्या गोळ्या, संध्याकाळी दोन तास बसून शिकवणारी गावातलीच एखादी डीएड झालेली पोरगी आणि तिचं सहा महिन्यांचं मानधन. दप्तरापेक्षा हे मागायला अवघड वाटतं कारण याचा फोटो चांगला येत नाही, पण मागा. त्यांना रंगवायचंच असेल तर पाडव्यानंतर बोलवा, आईबाप गावात असतील, तेही ब्रश हातात घेतील. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव आधी करून घ्या आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना पत्राची प्रत द्या, म्हणजे मागून कुणी बोट दाखवायला नको.

प्रश्न : मी शेंद्र्याला एका व्हेंडर कंपनीत, म्हणजे मोठ्या कंपन्यांना माल पुरवणाऱ्या, कामाला आहे. आम्ही ८० माणसं, सीएसआर आम्हाला लागू नाही. पण आम्ही बारा जण महिन्याला ५०० रुपये बाजूला काढतो. दर वेळी फळं नाहीतर बिस्किटं वाटून येतो आणि मनाला काही लागत नाही. दुसरं काय करता येईल?

उत्तर : दादा, लागू नसताना तुम्ही करताय ही लई मोठी गोष्ट आहे, आधी ते सांगते.

एक बघितलेलं सांगते. २०१७ चा जुलै, फुलंब्री तालुक्यातल्या एका वस्तीवर आम्ही ३५ जण झाडं लावायला गेलो होतो, सगळ्यांच्या अंगात एकसारखे पिवळे टी-शर्ट. तासाभरानं बघते तर आमच्या मेंटेनन्सचा एक फिटर खड्डे सोडून बोअरच्या पॅनलपाशी उभा. एक मावशी त्याला सांगत होती की तीन आठवडे झाले मोटर नुसती घूं घूं करती, पाणी काही वर येत नाही, लांबून हंडे आणतोय. त्यानं मेन पाडला, झाकण उघडलं आणि मला जवळ बोलवून दाखवलं, मोटर सुरू व्हायला जोर देणारा कपॅसिटर फुगून वरनं फाटलेला, तेल गळून खाली चिकट डाग पडलेला. काही शे रुपयांची वस्तू. पुढच्या रविवारी तो स्वतःच्या गाडीवर नवीन घेऊन गेला, बसवला आणि वस्तीतल्या बारावीच्या एका पोरीला शिकवून आला की आधी मेन बंद, मग कपॅसिटर डिस्चार्ज, मगच हात. आमची झाडं पुढच्या उन्हाळ्यात वाळली, पाणी घालायचं कुणाला नेमून दिलंच नव्हतं. मोटर मात्र चालू होती.

तुम्ही बारा जण आहात त्यात कुणी इलेक्ट्रिशियन असेल, कुणी वेल्डर, कुणी अकाउंट्सचा. जे हात रोज करतात तेच द्या. छोट्या संस्थांचं हिशोबाचं इतकं अडतं, दरवर्षी ऑडिट करून धर्मादाय कार्यालयात जमा करायचं असतं आणि व्हाउचर पिशवीत भरलेले असतात, तुमच्यातला एक जण महिन्यातला एक शनिवार बसला तरी त्या संस्थेचं वर्ष सुधारतं. मोठ्या कंपन्यांनाही असं करता येतं बरं का, पण कर्मचाऱ्यांच्या वेळेची किंमत काढून ती २ टक्क्यांत धरता येत नाही, केंद्राच्या कंपनी मंत्रालयानं २०२१ ला हे स्पष्ट केलंय. कायदा पैसे मोजतो, तास मोजत नाही, म्हणून तास देणारे कमी. पैसे देणारच असाल तर देणगीवर आयकरात सूट मिळते अशी (८०जी) नोंदणी असलेल्या संस्थेला बँकेतून द्या आणि पावती घ्या, २००० च्या वर रोख दिलेल्याची सूट मिळत नाही आणि जुन्या करपद्धतीत असाल तरच ती सूट आहे.

प्रश्न : आम्ही औसा तालुक्यातल्या बचत गटाच्या बाया. एक कंपनी छोटी डाळमिल देते म्हणाली, पण मशीन एका संस्थेच्या नावावर राहणार, आम्ही फक्त चालवायची. हे बरोबर हाय का?

उत्तर : ताई, संस्थेच्या नावावर ठेवणं बेकायदेशीर नाही, पण तुमच्या गटाच्या नावावरही ठेवता येतं. जानेवारी २०२१ मध्ये नियम बदलले त्यात लिहिलंय की सीएसआरच्या पैशातून घेतलेली वस्तू नोंदणी असलेल्या धर्मादाय संस्थेकडं, सरकारी यंत्रणेकडं किंवा ज्यांच्यासाठी प्रकल्प आहे त्या बचत गटाकडं राहू शकते. तेव्हा गटाचा ठराव करा, "मशीन गटाच्या नावावर पाहिजे", आणि गावातल्या बचत गटांच्या ग्रामसंघाची सही घेऊन कंपनीला थेट पाठवा, संस्थेमार्फत नको. संस्थेकडं सीएसआर-१ चा, म्हणजे कंपनी मंत्रालयाकडं भरायच्या फॉर्मचा, नोंदणी नंबर आहे का तेही विचारून घ्या, एप्रिल २०२१ पासून त्याच्याशिवाय तिला कंपनीचा हा पैसा घेता येत नाही.

पण मला काळजी नावाची कमी आणि नंतरची जास्त वाटते. लातूरच्या बाजारात तुरीला आणि हरभऱ्याला तोटा नाही, माल मिळेल. मशीन सिंगल-फेजवर चालतं का थ्री-फेज लागतं? शेड कुणाची? लाइटबिल पहिल्या सहा महिन्यांत कोण भरणार? चाळणी नाहीतर रोलर गेला तर माणूस कुठून येणार? गेल्या काही वर्षांत मी गावोगावी बंद पडलेल्या शिलाई मशीन आणि पिठाच्या गिरण्या इतक्या बघितल्यात की पोटात तुटतं, एक पट्टा तुटला आणि सगळं थांबलं. पहिल्या वर्षाची दुरुस्ती, ट्रेनिंग आणि थोडं खेळतं भांडवल त्याच कागदात लिहून घ्या. मशीन थोडी छोटी आली तरी चालेल.

प्रश्न : सप्टेंबर २०२५ च्या पुरात आमचं परंडा तालुक्यातलं शिवार खरडून गेलं. मदत आली त्यात जुन्या कपड्यांचे गठ्ठेच जास्त, ते अजून मंदिरात पडलेत. आता एक कंपनी विचारतीये काय पाहिजे. काय सांगावं?

उत्तर : कंपनी विचारतीये हेच किती बरं झालं. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ ला भूकंप झाला, ५२ गावं नव्या जागी वसवली, देणगीदारांनी गावं दत्तक घेतली, पण बऱ्याच ठिकाणी शहरातल्या कॉलनीसारख्या सरळ ओळी आखल्या आणि जनावरं कुठं बांधायची, कडबा कुठं ठेवायचा हे कुणी विचारलंच नाही. घरदुरुस्तीच्या कामात मात्र गावोगावच्या बायका संवाद सहायक म्हणून पुढं आल्या, घरमालक आणि सरकार यांच्यामधलं बोलणं त्यांनी केलं, प्रेमा गोपालन यांच्या पुढाकारातून ते उभं राहिलं आणि त्यातूनच त्यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेचं काम वाढलं. विचारलं की असा फरक पडतो.

तुम्ही ग्रामसभेत बसून यादी करा, आकड्यासकट. किती एकरात माती भरायची, किती विहिरींत गाळ, किती गाई-म्हशी गेल्या, दहावी-बारावीच्या किती पोरांची पुस्तकं-कागदपत्रं वाहून गेली. विहिरीतला गाळ हे कंपनीला लवकर पटतं कारण काम डोळ्यानं दिसतं. सरळ सांगा, ५० माणसं घमेली घेऊन नकोत, एक पोकलेन आणि १० दिवसांचं डिझेल द्या, वर यायचंच असेल तर या, भाकरी आम्ही घालू. आणि आता बराच उशीर झाला असं ते म्हणाले तर सांगा की कायद्याच्या यादीत नुसती तातडीची मदत नाही, पुनर्वसन आणि पुनर्बांधणीसुद्धा आहे. कपडे वाईट वाटून घेऊ नका, जे धड आहेत ते निवडून घ्या, बाकीच्यांच्या गोधड्या शिवायला बायकांना द्या.

प्रश्न : परभणीहून लिहितोय. आमच्या छोट्या संस्थेला एक मध्यस्थ कंपनीकडून ५ लाख आणून देतो म्हणतो, पण त्यातले दीड लाख रोख त्याला परत द्यायचे. सगळीकडं असंच चालतं म्हणतो. खरंय का?

उत्तर : नाही, आणि अजिबात करू नका. पावती ५ लाखांची आणि काम साडेतीन लाखांचं म्हणजे खोटा हिशोब, त्याच्यावर सही तुमची राहील आणि तो माणूस तोवर दुसऱ्या जिल्ह्यात गेलेला असेल. कितीतरी कंपन्यांत असं काही होत नाही, मी ११ वर्षांत एकदाही रुपया परत मागितला नाही आणि माझ्या साहेबांनीही नाही. त्या कंपनीच्या सीएसआर कमिटीच्या नावानं हेड ऑफिसला पत्र टाका, कोण आलं, कधी आलं, काय म्हणालं एवढंच लिहा. मेसेज आले असतील तर पुसू नका. आणि अर्ज करायचाच असेल तर कंपनीच्या वार्षिक अहवालात त्यांनी कुठल्या जिल्ह्यात काय काम केलंय ते छापलेलं असतं, केंद्राच्या सीएसआर पोर्टलवरही सापडतं, ते वाचून मध्यस्थाशिवाय थेट लिहा. पहिल्या दोन-तीन कंपन्या उत्तर देणार नाहीत. चौथीला लिहा.