मतिमंद, गतिमंद आणि दाखल्यावरचा शब्द

एका वाचक ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. त्यांचा भाचा सात वर्षांचा आहे. तो तीन वर्षांचा असताना डॉक्टरांनी कागदावर 'विकासात्मक विलंब' लिहिलं होतं. आता सिव्हिल हॉस्पिटलातून मिळालेल्या दाखल्यावर 'बौद्धिक दिव्यांगता, 50 टक्के' असं आलंय. जिथे प्रवेशाची चौकशी केली त्या शाळेच्या पाटीवर 'मतिमंद मुलांची शाळा' आहे. आणि आजी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "आमचा बाळ गतिमंद आहे हो, मतिमंद नाही." हे सगळं एकच का? आजींचं बरोबर आहे का? आणि भाच्याच्या थोरल्या बहिणीनं वर्गातल्या मुलींना काय सांगावं?

आजींपासून सुरुवात करू, घोळ तिथेच जास्त आहे. 'मतिमंद' हा शब्द मुळात शिवी नव्हता. भक्तिरचनांत कवी स्वतःलाच नम्रपणे मतिमंद म्हणवून घेतो. पुढे 'मेंटल रिटार्डेशन'चा प्रतिशब्द म्हणून तो सरकारी कागदांवर आणि शाळांच्या पाट्यांवर जाऊन बसला, तिथून गल्लीत उतरला आणि पोरं एकमेकांना चिडवायला वापरू लागली. 'गतिमंद' हे त्याचंच सौम्य भावंड, एक अक्षर बदललेलं. ऐकणाऱ्याला वाटतं, बुद्धी शाबूत आहे, पोरगं जरा सावकाश आहे इतकंच.

पण हा शब्द कोण कशासाठी वापरतं ते जरा कान देऊन ऐका. बुद्ध्यांक 70 ते 84 च्या मधे असलेल्या, शाळेत मागे पडणाऱ्या मुलाला कुणी गतिमंद म्हणतं. कुणी उशिरा चालायला लागलेल्याला म्हणतं, कुणी सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्यानं हालचालींवर नीट ताबा न राहणं) असलेल्याला. आणि बरेच जण केवळ 'मतिमंद' तोंडातून काढायचा नाही म्हणून वापरतात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार मोजले आहेत (आधीच्या 1995 च्या कायद्यात 7 होते). त्यांत गतिमंद नावाचा प्रकार नाही, आणि ते वैद्यकीय निदानही नव्हे. घरात आजींना खुशाल म्हणू द्या. अर्जावर मात्र तो शब्द लिहू नका, त्याच्यावर कुठलीच सवलत मिळत नाही.

आता डॉक्टरांचे दोन कागद. बोलणं, चालणं, खेळणं, समज अशा दोन-तीन बाबतींत मूल वयाच्या बरंच मागे असलं, तर पाच वर्षांच्या आत 'विकासात्मक विलंब' असं लिहितात. इतक्या लहान मुलाची बुद्धिमापन चाचणी भरवशाची नसते, म्हणून ते कामचलाऊ नाव. पुढे चाचण्या झाल्या की नेमकं नाव मिळतं. म्हणजे आधीचे डॉक्टर चुकले असं समजायचं कारण नाही. खोट असलीच तर 'विलंब' या शब्दात आहे. आपल्याला विलंब म्हटलं की गाडी लेट आहे, पण येणार, असं वाटतं. काही मुलं खरंच गाठतात, काही नाही. या शब्दाच्या भरवशावर 'थांबा, मुलगे उशिराच बोलतात' म्हणत वर्षं जातात, आणि उपचार सुरू करायला नेमका तोच काळ मोलाचा असतो.

दाखल्यावरच्या 50 टक्क्यांनी तर घराघरांत रडारड होते. 'म्हणजे याचा अर्धा मेंदूच चालत नाही का?' तसं मुळीच नाही. केंद्राने 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत कोष्टक ठरवून दिलं: सौम्यला 50, मध्यमला 75, तीव्रला 90, अतितीव्रला 100. म्हणजे भाच्याचा 50 हा 'सौम्य' गटाचा आकडा आहे. बहुतेक सवलतींसाठी निदान 40 टक्के लागतात, आणि कायद्याच्या भाषेत तो 'लक्षणीय' दिव्यांगतेचा उंबरठा. हे आकडे योजनांसाठी आहेत. मूल उद्या बटण लावायला शिकेल की नाही, हे त्यांवरून कळत नाही.

'बौद्धिक दिव्यांगता' आणि 'मतिमंदत्व' ही एकाच अवस्थेची नावं, फक्त काळ वेगळा. अमेरिकेने 2010 साली कायदा करून आपल्या केंद्रीय कायद्यांतून 'रिटार्डेशन' काढलं, 2013 च्या मानसोपचारांच्या निदानपुस्तिकेनेही काढलं. आपल्याकडे 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते अजून आहे. हा कायदा लक्षात ठेवा. मूल 18 चं झाल्यावर कायदेशीर पालकत्व हवं असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे याच कायद्याने जावं लागतं, आणि त्यात चारच गट आहेत: ऑटिझम (स्वमग्नता), सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता.

2016 च्या कायद्याच्या अनुसूचीत एक गंमत करून ठेवली आहे. 'बौद्धिक दिव्यांगता' या मथळ्याखालीच अध्ययन अक्षमता आणि ऑटिझम ही दोन पोटकलमं घातली आहेत. आता अध्ययन अक्षमता, म्हणजे शाळेतल्या बाई ज्याला 'एलडी' म्हणतात ती, असलेल्या मुलाची बुद्धी सर्वसाधारण किंवा त्याहून चांगली असते. अडचण वाचनात, लेखनात नाहीतर गणितात असते. 'ब' आणि 'व' मधे गोंधळणारा मुलगा बुद्धिबळात बापाला हरवतो. त्याला कायद्याच्या मांडणीत बौद्धिकच्या पंगतीला बसवलंय. तुमच्याकडे असा दाखला आला आणि वरचा मथळा वाचून पोटात गोळा आला, तर खालचं पोटकलम वाचा. मानसिक आजार मात्र त्याच अनुसूचीत वेगळा काढला आहे. मतिमंद म्हणजे वेडा, हा गावगप्पांतला समज तिथल्या तिथे खोडता येतो.

'मेंदूचा पक्षाघात' हा सेरेब्रल पाल्सीचा असाच घोटाळ्याचा प्रतिशब्द. पक्षाघात म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लकवा मारलेले आजोबा येतात. सेरेब्रल पाल्सीत मेंदूची वाढ चालू असतानाच त्याला इजा झालेली असते, आणि ती इजा पुढे वाढत नाही. शरीर वाढतं, तसा ताठर स्नायूंचा ओढा वाढतो, म्हणून पाय आखडतात, खुबा सरकू शकतो. या मुलांतली काही अभ्यासात उत्तम असतात, पण तोंडाच्या स्नायूंवर ताबा नसल्यानं शब्द फुटत नाहीत आणि ऐकणारा बुद्धीवर शिक्का मारून मोकळा होतो. दवाखान्यात सगळे सरळ 'सीपी' म्हणतात. मी म्हणेन, तुम्हीही म्हणा.

ऑटिझम असलेल्यासाठीचा 'स्वमग्न' हा शब्द कानाला गोड आहे, फारच गोड. एखादा कवी खिडकीशी बसलाय असं वाटतं. कुकरच्या शिट्टीनं कान दाबून किंचाळणारं, रोजचाच रस्ता हवा म्हणून रिक्षातून उतरायला तयार नसलेलं मूल त्या शब्दात मावत नाही. शिवाय अशा कित्येक मुलांना माणसं हवी असतात, जमत नसतं ते जवळ जाणं. ऑटिझम हा शब्द आता मराठीत पुरेसा रुळलाय, तोच वापरावा.

जाता जाता एक. कागदावर 'व्यवसायोपचार' दिसला तर पोराला इतक्यात कामधंदा शिकवणार की काय, असं समजू नका. पालक ज्याला 'ओटी' (ऑक्युपेशनल थेरपी) म्हणतात तेच हे. पेन्सिल धरणं, घास तोंडापर्यंत नेणं, चेन लावणं.

'दिव्यांग'बद्दल माझं मत विचारलंत तर सांगतो. डिसेंबर 2015 मधे पंतप्रधानांनी 'मन की बात'मधे तो सुचवला, कायद्याच्या हिंदी नावात आला, राज्यात 2022 मधे त्या नावाचं खातंही झालं. 'अपंग'पेक्षा तो ऐकायला बरा, हे खरं. पण दिव्य अंग म्हणून कुणाला बसमधे जागा मिळत नाही, अशी तक्रार हक्कांसाठी लढणाऱ्या अनेकांनी तेव्हाच केली होती. आणि 'बौद्धिक दिव्यांगता' हा समास फोडून पाहा, हाताला काहीच लागत नाही. 'बौद्धिक अक्षमता' निदान अर्थ तरी सांगते. तरीही अर्ज भरताना दाखल्यावर जे छापलंय तेच अक्षरशः उतरवा, तिथे व्याकरण दाखवायला जाऊ नका.

राहिली थोरली बहीण. तिला यातला एकही शब्द पाठ करायला लावू नका. मैत्रिणी विचारतील ते निदान नसतं. तो असा का करतो, एवढंच असतं. "त्याला गोष्टी समजायला जास्त वेळ लागतो. एका वेळी एकच सांगायचं, मग तो करतो. आणि लपाछपीत त्याला राज्य देऊ नका, त्याला वीसपर्यंत मोजता येत नाही अजून." एवढं तिला पुरे. कुणी 'मतिमंद' म्हणून चिडवलंच तर ते बाईंना सांगायचं, हेही तिला आत्ताच सांगून ठेवा.