जर्मनी ज्यूंना अजूनही भरपाई का देते? पैशाने पाप धुतलं जातं का?

नाही धुतलं जात. पण हाच प्रश्न माझ्या थोरल्या भावाने मला फोनवर सुनावला होता, म्हणून लिहिते.

मी अकरा वर्षं बर्लिनमध्ये राहते. आमच्या दारासमोर फुटपाथमध्ये चार पितळी श्टोल्परश्टाइन आहेत, म्हणजे ठेच लागावी असे दगड. जेमतेम दहा सेंटिमीटरचा चौकोन. वर ‘इथे राहत होते’, खाली नाव, जन्मसाल, नाझींनी कधी नेलं, कुठे मारलं. गुंटर डेमनिग या कलाकाराने १९९२ साली कोलोनला सुरुवात केली, आज युरोपभर लाखावर आहेत.

आई आली तेव्हा अर्थ कळल्यावर थबकलीच. “अगं, माणसांच्या नावावर पाय कसा द्यायचा?” तीन आठवडे वळसा घालून चालली. ९ नोव्हेंबरला, १९३८ साली नाझींनी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं, जाळली त्या दिवशी, शेजारीपाजारी हे दगड घासतात, मेणबत्त्या लावतात. आईने माझ्या देवांसाठी आणलेली पितांबरी काढली आणि त्या थंडीत फुटपाथवर बसली. शेवटचा दगड धाकट्याचा. जन्म १९३८, आउशवित्झची छळछावणी १९४३. तो तिने दोनदा घासला.

फोटो पाहून दादा म्हणाला, “पैसे दिले, दगड बसवले, झालं. मेलेले परत येतात का?”

अरे, ज्यूंची घरं, दुकानं, दागिने, विम्याच्या पॉलिसी लुटल्या होत्या. चोरीचा माल परत करणं म्हणजे उपकार नव्हेत. रक्ताचा पैसा नको म्हणणारे इस्रायलातही होते. जानेवारी १९५२ मध्ये विरोधी नेते मेनाखेम बेगिन यांच्या समर्थकांनी क्नेसेटवर, म्हणजे इस्रायलच्या संसदेवर, दगडफेक केली. तरी सप्टेंबरात लक्झेंबर्गला पश्चिम जर्मनीशी करार झाला: इस्रायलला ३ अब्ज मार्क, बराचसा मालाच्या रूपात, आणि ज्यू पीडितांच्या वतीने भरपाई मागणाऱ्या क्लेम्स कॉन्फरन्स या संस्थेला ४५ कोटी. वाचलेल्या म्हाताऱ्यांच्या घरच्या शुश्रूषेसाठी ही संस्था जर्मन सरकारशी अजूनही वाटाघाटी करते. ‘अजूनही का’ याचं उत्तर एवढंच, की ती माणसं जिवंत आहेत.

सगळं सुरळीत आहे असं मात्र नाही. लुटलेल्या चित्रांबद्दलची १९९८ ची वॉशिंग्टन तत्त्वं ४४ देशांनी मानली, पण ती बंधनकारक नाहीत. पोलंडमध्ये खासगी मालमत्ता परत करण्याचा सर्वंकष कायदाच नाही. आणि म्युनिकमध्ये सार्वजनिक फुटपाथवर हे दगड बसवू देत नाहीत. लहानपणी लपून वाचलेल्या, तिथल्या ज्यू समाजाच्या नेत्या शार्लोट क्नोब्लोख यांचा आक्षेप आईचाच आहे: नावं पायाखाली येतात.

दादा, वाचत असशील तर ऐक. तुझ्या फोननंतर आईने मला विचारलं, “त्या पोराचं कुणी उरलंय का गं?” तू निदान तेवढं विचारायला हवं होतंस.