‘वातरक्त’, ‘संधिवात’ आणि ‘गाउट’

पंचवटीतील एका वाचकांचा प्रश्न असा आहे : ‘माझे पणजोबा नाशकात वैद्यकी करीत. त्यांच्या हस्तलिखित वहीत पायाच्या अंगठ्याच्या सुजेला “वातरक्त” म्हटले असून खाली जळवा, गुळवेल, एरंडेल आणि “सुरंजान” अशी नोंद आहे. माझे युरिक ॲसिड वाढले तेव्हा डॉक्टरांनी “गाउट” हे नाव सांगितले, आणि घरात मात्र सगळे त्याला “संधिवात” म्हणतात. हे तिन्ही शब्द एकाच रोगाचे आहेत का? वहीची स्वच्छ प्रत करताना कोणता शब्द ठेवावा?’

तिन्ही शब्द एकाच रोगाचे नाहीत. ‘संधिवात’ हा आज मराठीत सांध्यांच्या कोणत्याही दुखण्याला लावला जाणारा सैल शब्द झाला आहे. गुडघ्याची झीज, दोन्ही हातांची बोटे सकाळी आखडणे आणि मध्यरात्री अंगठा निखाऱ्यासारखा पेटणे ही तीन वेगळी दुखणी त्यात एकत्र कोंबली जातात. आयुर्वेदाचे अभ्यासक त्यांना अनुक्रमे संधिगतवात, आमवात आणि वातरक्त यांच्या जवळचे मानतात. त्यामुळे गाउटला संधिवात म्हणणे मला तरी चुकीचे वाटते. पणजोबांनी योजलेला शब्द अधिक नेमका आहे.

‘वातरक्त’ हे नाव उपचारासकट समजून घ्यावे लागते, कारण जुन्या वैद्यकात रोगाच्या नावातच त्याचे कारण आणि पुष्कळदा त्याची चिकित्साही दडलेली असते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील एकोणतिसावा अध्याय या रोगाला वाहिलेला आहे. वाढलेल्या रक्ताने वायूची वाट अडते, अडलेला वायू त्या रक्ताला दूषित करतो, आणि हा बिघाड मुख्यतः सांध्यांत ठाण मांडतो, असे तेथे सांगितले आहे. म्हणजे हा समास ‘वात आणि रक्त’ एवढ्यावर सोडवून भागत नाही. ‘वाताने दूषित झालेले रक्त’ हा अर्थ ध्यानात ठेवावा लागतो. रोग पायापासून, क्वचित हातापासून सुरू होतो आणि उंदराच्या विषासारखा हळूहळू अंगभर पसरतो, ही उपमा संस्कृत वैद्यकग्रंथांत येते.

त्याच अध्यायात या रोगाचे ‘आढ्यवात’ असे आणखी एक नाव आहे, आणि शब्दांच्या दृष्टीने ते मला सर्वांत बोलके वाटते. आढ्य म्हणजे संपन्न. हा शब्द मराठीत एकटा फारसा वावरत नाही, पण ‘धनाढ्य’ आणि ‘बलाढ्य’ यांत तो शाबूत आहे, आणि संपन्नतेचा ताठा सांगणाऱ्या ‘आढ्यता’ या शब्दातही तोच आहे. सुकुमार, खाण्यापिण्यात ताळतंत्र नसलेल्या, पायी न चालता वाहनांवरून फिरणाऱ्या माणसांना हा रोग होतो, असे चरकसंहिता म्हणते. युरोपातही त्याला राजेरजवाड्यांचे दुखणे मानत असत. दोन दूरच्या परंपरांना रोग्याच्या पंगतीत तीच माणसे दिसली, ही गोष्ट मला विलक्षण वाटते.

आता जळवांकडे वळू. दूषित रक्त हे कारण मानले की ते काढून टाकणे हा उपाय ओघाने येतो. मात्र तो सरसकट नव्हता. ठणका, आग आणि टोचणी असेल तर जळवा लावाव्यात. बधिरपणा, खाज आणि ‘चिमिचिमायन’ असेल तर शिंग किंवा तुंबडी लावावी. दुखणे जागा बदलत असेल तर शीर उघडावी किंवा फासण्या टाकाव्यात, असा चरकसंहितेतील विवेक आहे. ‘चिमिचिमायन’ हा शब्द वाचताच आपले ‘चिमचिमणे’ आठवते. वात प्रबळ होऊन अंग सुकत चाललेल्या रोग्याचे रक्त काढू नये, अशी ताकीदही तेथे आहे. पोटातून देण्याच्या औषधांत गुळवेल आणि दुधातून एरंडेल यांना मान आहे. पण या रोगावर बस्तीसारखी (म्हणजे गुदमार्गाने औषध देण्यासारखी) दुसरी चिकित्सा नाही, असे चरकसंहिता स्पष्टच म्हणते.

‘गाउट’ या शब्दामागेही असाच एक सिद्धान्त उभा आहे. लॅटिनमध्ये ‘गुट्टा’ म्हणजे थेंब. जुन्या युरोपीय वैद्यकाने मानलेल्या शरीरातील चार रसांपैकी एखादा वाढला की तो थेंबथेंब सांध्यात उतरतो, या कल्पनेतून मध्ययुगात हे नाव रूढ झाले. त्यापूर्वीचा ग्रीक शब्द ‘पोडाग्रा’ याचा अर्थ पाय पकडणारा, म्हणजे पायातला सापळा. वाढलेला रस बाहेर काढायचा म्हणून तिकडचे वैद्यही रेच देत आणि रक्त काढत. सतराव्या शतकातील इंग्रज वैद्य थॉमस सिडनहॅम स्वतः या रोगाने त्रस्त होते. त्यांनी 1683 मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला आणि अशा जोरकस उपायांविषयी अविश्वास दाखवला. युरिक ॲसिड हा पदार्थ 1776 मध्ये रसायनशास्त्रज्ञ शेले यांनी मूतखड्यातून वेगळा केला, आणि 1848 मध्ये इंग्रज वैद्य गॅरड यांनी गाउटच्या रोग्याच्या रक्तात तो वाढलेला असतो हे दाखवले. येथे एक सावधगिरी हवी. ‘वातरक्त’ या नावात ‘रक्त’ आहे म्हणून प्राचीनांना युरिक ॲसिड ठाऊक होते, असे म्हणू नये. शिवाय वातरक्ताच्या वर्णनात त्वचेचे असे काही विकार येतात, जे गाउटमध्ये बसत नाहीत. म्हणून गाउट हे बहुतांशी वातरक्त आहे, पण प्रत्येक वातरक्त गाउट नव्हे.

राहिला ‘सुरंजान’. चरक-सुश्रुतांच्या वातरक्तचिकित्सेत ही वनस्पती नाही. हा फारसी शब्द आहे आणि तो यूनानी वैद्यकाबरोबर आपल्याकडे आला. त्या वैद्यकात गाउटला ‘निक्रिस’ म्हणतात. याच वनस्पतीच्या जातीचा कंद सहाव्या शतकात ट्रॅलिसचे अलेक्झांडर हे ग्रीक वैद्य सांध्यांच्या दुखण्यावर देत असत. 1820 मध्ये पेल्तिए आणि कावांतू या फ्रेंच रसायनज्ञांनी या कुळातील वनस्पतीतून वेगळे केलेले द्रव्य पुढे ‘कोल्चिसिन’ म्हणून ओळखले गेले, आणि गाउटच्या ठणक्यावर डॉक्टर आजही ते देतात. ते युरिक ॲसिड कमी करीत नाही, पांढऱ्या पेशींनी पेटवलेला दाह शमवते. कंद खाल्ल्यावर जुलाब होत, त्यामुळे जुन्या वैद्यांना दोष बाहेर पडल्याचा भास होणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात ते जुलाब विषबाधेचे लक्षण असू शकतात. औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत येथे फार थोडे अंतर आहे, तेव्हा वहीतील हा उपाय घरी करून पाहू नये.

प्रत करताना मूळ मजकुरात ‘वातरक्त’ तसेच ठेवावे आणि तळटीपेत ‘आजच्या भाषेत बहुधा गाउट’ असे लिहावे. ‘संधिवात’ कोठेही घालू नये. ‘सुरंजान’ हे रूपही त्यातल्या दीर्घ ‘जा’सकट जपावे, ‘सुरंजन’ असे करून त्याला संस्कृत वळण देऊ नये. जळवा आणि गुळवेल यांच्या शेजारी तो शब्द लिहिणाऱ्या तुमच्या पणजोबांनी वैद्यांचे आणि हकिमांचे, दोघांचेही ज्ञान एका पानावर आणले होते, याचा पुरावा त्या एका अक्षरात आहे.