सुट्टीत पोरांना न्यायचं कुठे?

प्रश्न : ताई, आम्ही लालबागला राहतो, मुलगा चार वर्षांचा आणि मुलगी नऊची. रविवारी मॉलशिवाय दुसरं काही सुचतच नाही, दोघांनाही आवडेल असं जवळ काही आहे का?

उत्तर : अहो, भायखळ्याची राणीबाग तुमच्या हाकेच्या अंतरावर आहे की! फक्त बुधवारी जाऊ नका, बंद असते, आणि रविवारी जायचं तर सकाळी उघडल्या उघडल्याच, कारण नंतर पेंग्विनसमोर जी झुंबड उडते त्यात छोट्याला सगळ्यांचे पायच दिसतील. हे पेंग्विन हम्बोल्ट जातीचे, मूळचे पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे, म्हणजे बर्फातले नाहीत, हे लेकीला सांगा, ती शाळेत जाऊन भाव खाईल. पण खरं सांगू, मला तिथली झाडंच जास्त आवडतात. बाग १८६०च्या दशकातली, गोरखचिंचेचं जाडजूड खोड बघून पोरं त्याला मिठी मारायला धावतात. लेकीला वही द्या, पडलेली पानं गोळा करू दे, धाकटा तोवर खारींच्या मागे पळेल. पाणी, टोपी, एक जादा टीशर्ट घ्या, आणि ऊन चढायच्या आत निघा, नाहीतर परतताना कडेवर घ्यावं लागेल, तेही रडणारं!