अर्धस्वयंचलित, नेमबाज आणि शिस्त

ऐरोलीहून एका वाचक भगिनींनी विचारले आहे की ‘ड्रॅगुनोव ही स्वयंचलित स्नायपर रायफल आहे’ या वाक्यातला ‘स्वयंचलित’ हा शब्द बरोबर आहे का, आणि ‘मार्क्समन’ व ‘स्नायपर’ या दोघांनाही मराठीत ‘नेमबाज’ म्हणावे का. त्यांचा मुलगा एनसीसीत आहे. त्याच्या हिंदी पुस्तिकेत नेम धरण्याला ‘शिस्त लेना’ म्हटले आहे, त्याबद्दलही त्यांनी विचारले आहे.

‘स्वयंचलित’ येथे चूक आहे. स्वयंचलित शस्त्राचा चाप दाबून धरला की तो सोडेपर्यंत किंवा मॅगझिन रिकामे होईपर्यंत गोळ्या सुटत राहतात. येवगेनी ड्रॅगुनोव यांनी आखलेली आणि सोव्हिएत सैन्याने १९६३ साली स्वीकारलेली ही रायफल चापाच्या एका ओढीला एकच गोळी सोडते. आपोआप होते ते त्यानंतरचे काम. बार उडाला की नळीतल्या वायूचा थोडा भाग एका छिद्रातून वर जाऊन आखूड दट्ट्याला धक्का देतो, त्या धक्क्याने बोल्ट, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता भाग, फिरून मोकळा होतो आणि मागे सरकताना रिकामी पुंगळी बाहेर फेकतो, आणि स्प्रिंगच्या जोराने पुढे परतताना दहा काडतुसांच्या मॅगझिनमधले पुढचे काडतूस नळीत बसवतो. ठाण्यात आमच्याच इमारतीत एक निवृत्त सुभेदार राहतात. त्यांना विचारले, तेव्हा त्यांनी तर्जनी वाकवून दाखवली, ती सावकाश सरळ केली, पुन्हा वाकवली आणि म्हणाले, “बोट पुढे गेल्याशिवाय दुसरा राउंड नाही.”

म्हणून ‘अर्धस्वयंचलित’ हा रूढ शब्दच योग्य, आणि त्यातला ‘अर्ध’ जागा वाचवण्यासाठीही गाळू नये, कारण तो गाळला की वाक्य खोटे होते. मात्र ‘अर्ध’ म्हणजे नेमके कोणते अर्धे, हे तो शब्द सांगत नाही, ही त्याची उणीव आहे. आपल्या सैन्यात आणि पोलिसांत पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या ‘एसएलआर’ या नावात ते स्पष्ट आहे: सेल्फ-लोडिंग, म्हणजे स्वतःच भरली जाणारी. रशियन भाषेतही तोकारेव यांच्या १९४० सालच्या रायफलीच्या नावात हाच अर्थ होता. मला स्वतःला ‘स्वयंभरणी’ हा शब्द अधिक नेमका वाटतो, पण तो अजून रुळलेला नाही. सध्या ‘अर्धस्वयंचलित’ लिहावे आणि पहिल्या उल्लेखाबरोबर ‘आपोआप भरली जाणारी, पण प्रत्येक गोळीसाठी चाप ओढावा लागणारी’ असा खुलासा द्यावा.

‘नेमबाज’ या शब्दाची अडचण वेगळी आहे. आज तो उच्चारला की कोल्हापूरचे स्वप्नील कुसाळे आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधले त्यांचे कांस्यपदक आठवते. तो खेळाचा शब्द झाला आहे आणि ते चांगलेच आहे. ‘स्नायपर’ हा मुळात स्नाइप पक्ष्याच्या शिकारीवरून आलेला शब्द. हा पक्षी म्हणजे आपला पाणलावा, हिवाळ्यात पाणथळ जागी चिखलात बेमालूम लपणारा आणि उठला की नागमोडी उडणारा. त्याला टिपणारा तो स्नायपर. आज या शब्दात दबा धरून, तुकडीपासून दूर, तासन्‌तास वाट पाहणारा सैनिक अभिप्रेत असतो. मार्क्समन मात्र तुकडीबरोबरच चालतो, आणि साध्या रायफलींचा पल्ला संपतो तिथून पुढची लक्ष्ये टिपतो.

ड्रॅगुनोवच्या नावात रशियन भाषेत ‘स्नायपर’ आहे हे खरे, पण तिची घडण दुसऱ्या कामाची साक्ष देते. दुर्बीण चौपट मोठे दाखवणारी, परिणामकारक पल्ला सुमारे ८०० मीटर, दुर्बीण निकामी झाली तर खाली साधी माशी, म्हणजे नेम धरण्यासाठी नळीच्या टोकाजवळचा उंचवटा, आहेच, आणि नळीच्या टोकाशी चक्क संगीन बसवण्याची सोय आहे. एकट्याने लपून बसणाऱ्याला संगिनीचा काय उपयोग? सोव्हिएत सैन्यात ती पायदळाच्या प्लाटूनमधल्या एका सैनिकाच्या हाती असे, आणि बाकीचे पुढे सरकत असताना त्याने झटपट दुसरी गोळी झाडावी म्हणूनच ती अर्धस्वयंचलित आहे. तेव्हा मार्क्समनसाठी ‘पथक-नेमबाज’ लिहावे आणि ‘स्नायपर’ तसाच ठेवावा. ‘लक्ष्यभेदी’ सुचवणारेही आहेत, पण तो शब्द क्षेपणास्त्रांनी आणि हल्ल्यांच्या बातम्यांनी व्यापला आहे.

आता ‘शिस्त’. पुस्तिकेत चूक नाही. सैन्याच्या हिंदीत शिस्त म्हणजे नेम, आणि ‘शिस्त लो’ हा हुकूम आला की कवायतीतला जवान माशी, डोळ्याजवळची खाच आणि लक्ष्य एका रेषेत आणतो. आपल्या मराठीत हा शब्द वागणुकीतल्या वळणासाठी राहिला. मुलाला एवढेच सांगावे की घरी आई ‘शिस्त पाळ’ म्हणते आणि मैदानावर उस्ताद ‘शिस्त लो’ म्हणतात, तेव्हा दोघे वेगवेगळी गोष्ट सांगत असतात.